एक जूनची माणसे

महाराष्ट्रात ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. कारण सर्वांस ठाऊक आहे. जुन्या पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहिली. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर नियमाप्रमाणे आदल्याच दिवशी निवृत्त होतो. यावर विनोद पुष्कळ झाले आहेत. आम्हीही ते वर्गात सांगत आलो आहोत.

आमची एम.ए.ची वर्गमैत्रीण २०२५च्या जूनमध्ये माण तालुक्यातील आमच्याच जुन्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. (तिच्या आधीचे मुख्याध्यापक अर्थातच ३१ मेला निवृत्त झाले होते.) कार्यभार म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, डेडस्टॉक रजिस्टर, संगणकाचे पासवर्ड आणि लोखंडी कपाटातील जनरल रजिस्टरे. पहिल्याच आठवड्यात नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या नोंदीचा उतारा मागण्यास आले. नोंद होती १ जून १९६७. त्यांचे म्हणणे एवढेच, की कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पोटात होतो, असे आई मरेपर्यंत सांगत असे. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. म्हणजे निदान सहा महिन्यांची नोकरी गेली. राज्य सेवेच्या १९८१च्या नियमांनुसार जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीस लागल्यापासून ५ वर्षांच्या आत करायचा असतो. तो त्यांनी केलेला नव्हता.

नोंदीचे अक्षर आमच्या ओळखीचे होते. ज्यांच्यामुळे आम्ही मराठी विषय घेतला, त्या सरांचे. पुढे तेच शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांच्या काळाच्या आठवणींवर ती शाळा अजून जगते. मैत्रीण त्यांना भेटायला निघाली तेव्हा आम्हालाही सोबत घेऊन गेली. एकटीने हे विचारण्याचा धीर तिला होत नसावा.

सरांनी उतारा डोळ्यांजवळ धरून वाचला. ‘‘अक्षर माझंच,’’ ते म्हणाले. ‘‘त्र्याहत्तरचा जून. दुष्काळ अजून घरातनं गेला नव्हता. याची आई खडी फोडायच्या कामावर होती. पोराला घेऊन आली, म्हणाली, याचं नाव घाला.’’

‘‘पण सर, वय पुरं नव्हतं.’’

‘‘नव्हतंच. पाच वर्षांचा असेल-नसेल. शाळेत सुकडी मिळायची, बाई. सहा पुरी दाखवल्याशिवाय पटावर घेता येत नव्हतं, आणि पटावर नसलेल्याला खायला कसं द्यायचं?’’

मैत्रीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘कोतवालाच्या वहीत बघता आलं असतं. खरी तारीख निदान बाजूला टिपून ठेवता आली असती.’’ सरांशी इतक्या स्पष्टपणे बोलताना आम्ही तिला प्रथमच ऐकले. आम्हाला ते योग्यच वाटले. पटाची निकड एका ओळीत भागत होती. पण ज्याचे वय वाढवले त्याला पुढे ते सांगणे हेही त्याच कामाचा भाग नव्हते काय? सुकडीच्या युक्तिवादापुढे हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, तसा तो नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर, सेवापुस्तकात, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर तीच तारीख त्या माणसाच्या मागोमाग चालत गेली होती.

सर रागावले नाहीत. ‘‘बघता आलं असतं,’’ त्यांनी मान्य केले. ‘‘त्या जूनमध्ये रोज नवी पोरं यायची. तू आता आधार कार्डाशिवाय मूल आलं तर काय करतेस?’’

‘‘वर्गात बसवते.’’

‘‘आणि पटावर?’’

ती हसली, उत्तर दिले नाही. संचमान्यतेचा हिशेब, आधारशी न जुळणारी नावे, त्यामुळे धोक्यात येणारी शिक्षकाची जागा, हे सारे तिने मग सरांना तासभर सांगितले. सर मध्येमध्ये प्रश्न विचारत होते, विद्यार्थ्यासारखे. चहा दोनदा झाला.

निघताना त्यांनी उतारा परत दिला. ‘‘तारीख आहे तीच लिहून दे. आणि त्याला माझ्याकडे पाठव.’’

सोमवारी तिने रजिस्टराबरहुकूम उतारा करून सही-शिक्का दिला. पाठीमागे पेन्सिलीने सरांचा पत्ता लिहिला.