एका सिलिंडरची गाडी

बडोद्याच्या दांडिया बाजारात मराठी अजून कानावर पडते. गायकवाडांच्या चाकरीनिमित्त आलेली घराणी या परिसरात रुजली आणि गुजरातची झाली. भाजीचा भाव गुजरातीत करायचा आणि तो जास्त पडल्याची तक्रार घरी येऊन मराठीत करायची, असा आमचा रिवाज. सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या वाचकांना तो वेगळा समजावून सांगायला नको. गुजरातीच्या जागी कानडी किंवा तेलुगू घातली की झाले. या वस्तीत मी वाढलो, मुख्याध्यापक झालो आणि गेली २८ वर्षे वडिलांची राजदूत मोटारसायकल चालवतो आहे.

राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची. पोलंडच्या 'एसएचएल' गाडीच्या आराखड्यावरून १९६०च्या दशकात ती आपल्याकडे तयार होऊ लागली. १७३ सीसीचे, एकाच सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि तीन गिअर, एवढाच तिचा संसार. १९७३च्या 'बॉबी' चित्रपटात तिची धाकटी बहीण झळकली. आमची मात्र दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची आणि मास्तरांची. डांबरी सडक आणि गाडीवाट या दोहोंवर चालणाऱ्या मोटारसायकली आता स्वतंत्र जातीच्या म्हणून विकल्या जातात. वडील डभोईकडच्या खेड्यांतल्या शाळा तपासायला जात, तेव्हा डांबर कुठे संपते याची गाडीला कोणी विचारणाच करीत नसे.

अशी गाडी सांभाळणे अवघड नाही. फक्त खंड पडता कामा नये. लिटरभर पेट्रोलमागे साधारण ४० ते ५० मिलिलिटर ऑइल मिसळायचे. प्लगवर काजळी धरली की घासून काढायची. पॉइंटमधले अंतर फिलर गेजने पाहायचे, सुमारे ०.४ मिलिमीटर. केसाएवढी चूक झाली तरी ठिणगी अवेळी पडते. चेन रॉकेलने धुऊन तेलात भिजवायची, क्लचच्या वायरला तेल सोडायचे, आणि सायलेन्सरची नळी काजळीने बुजायच्या आत खरवडायची. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

दसऱ्याला आम्ही गाडीला झेंडूचा हार घालतो. हाराने शोभा येते; पॉइंट साफ होत नाहीत.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. गाडी त्या आठवड्यात भाच्याने मागून नेली होती, आणि त्याची सोसायटी नदीच्या बाजूची. खालच्या मजल्यावर दोन दिवस पाणी होते. ओसरल्यावर हँडलपर्यंत चिखल माखलेली गाडी टेम्पोत घालून आम्ही दांडिया बाजारच्या गल्लीत आणली. तेथील म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी आधी माझा हात धरला. "साहेब, किक ना मारता. आणे पाणी पीधुं छे."

कारण साधे होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. शिवाय टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये वेगळे ऑइल भरलेले नसते. पेट्रोलबरोबर येईल तेवढ्यावरच बेअरिंगे जगतात. पाण्याने तो पातळ लेप धुऊन नेला, की गंज चढायला वेळ लागत नाही. चाचांनी प्लग काढला, कार्ब्युरेटर उतरवला, सायलेन्सर उलटा टांगला. गिअरबॉक्समधून निघालेले ऑइल दुधाच्या चहासारखे होते. बेअरिंगे गेलीच होती. क्रँक लेथवाल्याकडे न्यावी लागणार होती.

खर्चाचा आकडा ऐकून पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, एवढ्यात तर गाडीच दुसरी येईल. भंगारात द्या. नाहीतरी तुमच्यानंतर तिला हात कोण लावणार आहे?"

हिशेबापुरते त्याचे बरोबर होते. त्याच्या शेवटच्या प्रश्नाने मात्र मला रात्रभर जागे ठेवले, आणि त्याचे कारण निव्वळ गाडी नव्हते. आमच्या घरी मराठी पूर्ण वाक्यांत बोलते ती माझी आई, वय ८४. आम्ही उभयता शाळेतून येईपर्यंत अर्धे गुजराती झालेलो असतो. मुलगी मराठी समजते, उत्तर गुजरातीत देते. म्हणजे घरातली भाषासुद्धा एकाच सिलिंडरवर चाललेली. अनेक सिलिंडरच्या इंजिनात एक चुकला, तर बाकीचे रडतखडत का होईना गाडी घरी आणतात. एकाच सिलिंडरची ठिणगी चुकली, की गाडी आहे तिथे उभी राहते.

मी मुलीला म्हटले, "गाडी ठेवायची असेल, तर माझ्याशिवाय आणखी कोणाला तरी ती उघडता आली पाहिजे. नाहीतर दादा म्हणतो तसे करू." ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कलाभवनच्या त्याच जुन्या आवारात. सयाजीराव महाराजांनी ते १८९० साली काढले. त्याचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा, की कारागिराला शास्त्र त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळावे. आज तेथे सारे इंग्रजीत चालते.

पुढचे पाच रविवार ती चाचांच्या हाताखाली बसली. चाचा म्हणत, "डिसमिस आपो." मुख्याध्यापकाच्या कानाला हा शब्द दचकवणारा, पण गुजरातेत स्क्रू ड्रायव्हरला हेच म्हणतात. चाचांचे 'पानुं' तो आपला पाना. क्रँककेसमध्ये मिश्रण आधी का दाबले जाते, हे तिने आम्हां दोघांना पुस्तकातले सांगितले. बेअरिंग बसताना हाताला कसे लागले पाहिजे, हे चाचांनी तिला दाखवले. घरी आल्यावर आजीला सगळी हकिकत सांगायची, एवढी अट मी घातली होती. आजीला गुजराती येते, पण ती हट्टाने मराठीतच विचारी. गंज 'चढतो', चेन 'सैल पडते', नट 'आवळायचा', पण 'पिळायचा' नाही, अशी क्रियापदे मुलगी एकेक करून वापरू लागली. एकदा आजीने चूक काढली, तेव्हा ती रागावून म्हणाली, "आजी, थांब ना, मला पूर्ण बोलू दे!" तेही मराठीत.

सहाव्या रविवारी गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. पांढरा धूर गल्लीभर पसरला आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांपुरते मिळते. पुढच्या वेळी ती पास होईल की नाही, सांगवत नाही. आईचे वय तर मी वर लिहिलेच आहे.

आपण दोन भाषांच्या मुलखात राहणारी माणसे आपल्या मराठीला वर्षातून एकदा हार घालतो. संमेलन भरवतो, दिवाळी अंक काढतो. ते अवश्य करावे. परंतु गाडी चालते ती दर पंधरा दिवसांनी कोणीतरी हात काळे करतो म्हणून. आमच्याकडे हे काम आता दर दुसऱ्या रविवारी मुलगी करते. पॉइंट ती साफ करते, फिलर गेज मी धरतो, आणि आजी ओट्यावर बसून विचारते, "काय गं, आज काय बिघडलंय?"