चाक असेल त्याचाच मंगळ

डाय-कास्ट गाड्यांचा नाद लहानपणी लागतो तेव्हा अवकाश कोणाच्या मनातही नसतं. मुठीत मावणारी धातूची गाडी, खाली फरशी आणि ढकललं की ती पळते, एवढ्यावर दुपार निघते. पुढे स्वतःचे पैसे हातात येतात आणि तोच नाद काचेच्या कपाटात शिरतो. कधीतरी त्या कपाटात अवकाशातल्या वाहनांची वेगळी रांग लागते: सोजर्नर, क्युरिऑसिटी, पर्सिव्हिअरन्स, अपोलोची चांद्रगाडी, स्पेस शटल. पाहुण्यांना ही रांग म्हणजे अवकाश संशोधनाचा छोटेखानी इतिहास वाटतो आणि संग्राहकही मान डोलावतो. मला ते पटत नाही. ही रांग ज्या निकषावर भरली, तो निकष संशोधनाचा नव्हेच. ज्याला चाक आहे किंवा ज्यात चालक बसतो, तेच यान तिथे आलं. वय वाढेल तसं रांगेत काय आहे यापेक्षा काय राहिलं हेच अधिक डोळ्यांत भरतं.

राहिलेल्यांची नावं साधीसुधी नाहीत. व्हायकिंग 1 हे यान 1976 मध्ये मंगळावर उतरलं आणि वर्षानुवर्षं तिथून माहिती पाठवत राहिलं. 1977 साली निघालेलं व्हायजर 1 हे 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. कॅसिनी 2004 ते 2017 शनीभोवती फिरत होतं. खेळण्यांच्या दुकानात यांतलं एकही सहसा दिसत नाही. आता सोजर्नरकडे बघा. लांबी 65 सेंटिमीटर, वजन साडेदहा किलोच्या आसपास, आयुष्यभराची मजल सुमारे 100 मीटर. ते 1997 च्या जुलैत मंगळावर उतरलं आणि त्याच वर्षी मॅटेल या खेळणी कंपनीने हॉट व्हील्सच्या नावावर त्याचा संच बाजारात आणला. संचात सोजर्नरला घेऊन उतरलेला पाथफाइंडरचा लँडरही होता, पण पाकिटावर नाव झळकलं ते रोव्हरचं. प्रत्यक्षात त्या मोहिमेत लँडरने साडेसोळा हजार छायाचित्रं पाठवली आणि रोव्हरने साडेपाचशे. शिवाय रोव्हरला पृथ्वीशी थेट बोलताच येत नव्हतं; त्याचा प्रत्येक निरोप लँडरमार्फत यायचा. राबला लँडर, मिरवला रोव्हर.

यावर पहिला आक्षेप कारागिरीचा असतो आणि तो फुसका नाही. ही खेळणी मुख्यतः जस्ताच्या मिश्रधातूची. वितळलेला धातू दाबाने साच्यात भरायचा, थंड झाला की काढायचा. गाडीचं अंग म्हणजे एक सलग टरफल, ते या रीतीने झकास उतरतं. व्हायजरला 3.7 मीटरची तबकडी आणि 13 मीटरचा काडीसारखा दांडा आहे. तळहाताच्या मापात तो दांडा ओतला तर मुलाच्या हातात तासभरही टिकायचा नाही. हे सगळं खरं. पण क्युरिऑसिटीचा कॅमेऱ्याचा खांब आणि पुढचा हात तरी कुठे सलग टरफलात बसतात? धातूला प्लास्टिकची जोड देऊन तेही बसवले गेले. सत्तरच्या दशकात डिंकी या खेळणी कंपनीने ‘स्पेस: 1999’ या दूरचित्रवाणी मालिकेतलं ईगल यान काढलं, जाळीदार सांगाडा, चारही कोपऱ्यांना पाय, आणि मुळात अस्तित्वातच नसलेलं. कोणीतरी आत बसून ते चालवतं, हे मुलांनी पडद्यावर पाहिलं होतं, तेवढं पुरलं. नव्वदच्या दशकात गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानाचाही हॉट व्हील्स संच निघाला होता, म्हणजे अशक्य असं काही नव्हतं. ती वाट पुढे रुंदावली नाही इतकंच. शटल तर पंख असलेलं, माणसं नेणारं आणि धावपट्टीवर चाकांवर उतरणारं. त्याला कधीच अडचण आली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चाकांना महत्त्व मिळालं तर चुकलं काय? अपोलो 11 चे अंतराळवीर आपल्या यानापासून 100 मीटरसुद्धा लांब गेले नाहीत. अपोलो 17 च्या दोघांनी चांद्रगाडीने सुमारे 35 किलोमीटर पालथे घातले. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हर 45 किलोमीटर चाललं. एका जागी उभ्या यंत्राला समोरचा एकच खडक दिसतो, चालणाऱ्याला थरामागून थर वाचता येतात. मान्य. पण चाक म्हणून निवडलेल्या गोष्टीचं खेळण्यात पुढे काय होतं ते बघा. नेहमीच्या डाय-कास्ट गाडीत डावं आणि उजवं चाक एकाच तारेच्या एक्सलवर असतं, म्हणून ती इतकी सुसाट घरंगळते. खऱ्या रोव्हरला असा आडवा एक्सल नाहीच. सहा चाकं, प्रत्येकाला स्वतःची मोटार, आणि दोन्ही बाजूंना सांध्यांवर हलणारे दांडे, म्हणजे एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. क्युरिऑसिटीचा सपाट जमिनीवरचा कमाल वेग सेकंदाला चार सेंटिमीटर. तिच्या पातळ ॲल्युमिनियमच्या चाकांना धारदार दगडांनी भोकं पाडली, तेव्हा कुठून जायचं याचा विचार आणखी जपून करावा लागला. जो सद्गुण म्हणून चाकाची बाजू घ्यायची, तो सावध, ठेचकाळत चालण्याचा सद्गुण खेळणं पुसून टाकतं आणि त्या जागी शर्यत बसवतं. या रीतीची कमाल 2018 मध्ये झाली. फाल्कन हेवीच्या पहिल्या उड्डाणात स्पेसएक्सने खरीखुरी टेस्ला रोडस्टर सूर्याभोवतीच्या कक्षेत धाडली आणि तिच्या डॅशबोर्डवर हॉट व्हील्सची छोटी रोडस्टर चिकटवली. संशोधन शून्य, पण चाकं चार आणि चालकाच्या जागी पुतळा. खेळण्याच्या निकषावर इतकं निर्दोष यान दुसरं नाही.

म्हणून कपाट रिकामं करा असं मी म्हणणार नाही. रांग लावण्याची रीत मात्र बदलता येते. सोजर्नरच्या संचातला लँडर बहुधा मागे ढकललेला असतो, तो पुढे घ्यावा. पर्सिव्हिअरन्सच्या शेजारी थोडी जागा मोकळी ठेवावी, कारण अशा रोव्हरची बरीचशी माहिती वरून फिरणाऱ्या यानांमार्फत पृथ्वीवर येते आणि उतरायची जागा निवडतानाही त्यांचीच छायाचित्रं कामी येतात.

चाकाला मान की लँडरला, ही परीक्षा आपल्याकडे 2023 मध्ये झाली. 23 ऑगस्टला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं. त्याचं रोव्हर प्रज्ञान 26 किलोचं, सहा चाकांचं, मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं बोधचिन्ह कोरलेलं. कोणत्याही खेळणी कंपनीने डोळे मिटून उचलावं असं. चंद्राच्या मातीत काही सेंटिमीटर खोल तपमान मोजण्याचं काम मात्र विक्रम या लँडरवरच्या उपकरणाने केलं, एका जागी उभं राहून. महिन्याच्या आतच गणपती आले. घराघरांत आणि मंडळांत चांद्रयानाचे देखावे लागले, पुठ्ठ्याचे, सोनेरी कागदाचे, रंगवलेल्या फोमचे. त्यांत सरळसोट रॉकेट होतं, चार पायांवर उभा विक्रम होता आणि कुठे कुठे त्याच्या उतरणीवरून खाली येणारा प्रज्ञानही. ते बनवणाऱ्यांना काही विकायचं नव्हतं आणि ट्रॅकवर पळवायचंही नव्हतं. त्यांनी बेधडक विक्रमला मध्यभागी बसवलं.