दुसरीच्या वर्गातला 'नको'

प्रिय बाई,


दुसरीच्या मुलांना गुप्तांगांची नावं सांगावीत का, हा तुमचा प्रश्न पालकसभेच्या धाकातून आलाय. माझं मत, सांगावीत. नाक, कान, कोपर, घोटा आपण घोकून घेतो आणि मधला भाग कोरा ठेवतो. घरोघरी त्याला निरनिराळी लाडाची नावं, त्यामुळे त्रास झालेलं मूल बोललं तरी ऐकणाऱ्याला 'पोटात दुखतंय' एवढंच कळतं. 2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसला होता. छळाची व्याख्या व्यापक होती खरी, पण गंभीर प्रकारही जवळपास 21 टक्के निघाले. छळणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले. आणि बहुतेक मुलं कुणापाशीच बोलली नव्हती. त्याच वर्षी किशोरवयीनांचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात संस्कृतीच्या नावाने बंद पडला!

'गुड टच, बॅड टच'च्या तक्त्यावर मात्र माझा फारसा भरवसा नाही. ओळखीच्या माणसाचा स्पर्श गुदगुल्या, खाऊ, मोबाईलवरचा गेम यांच्या आडून येतो. तो मुलाला वाईट वाटेलच असं नाही. 'हे कुणाला सांगू नकोस' असं कुणी म्हणालं का, ही खूण सात वर्षांच्या मुलाला अधिक नेमकी कळेल. पण खूण कळून पुढे काय? परिपाठात मोठ्यांचं निमूट ऐकायला शिकवायचं, 'का' विचारलं तर उद्धट ठरवायचं आणि नंतरच्या तासाला त्याच मुलाने मोठ्या माणसाला 'नको' म्हणावं, ही अपेक्षा कशी पुरी व्हायची? नकाराचा सराव किरकोळ गोष्टींतच होतो. गालगुच्चा नको म्हटलं तर बाईंनी हात मागे घ्यायचा, रागवायचं नाही.

पालक म्हणतील, निरागसपणा जाईल. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या मुली बालवर्गातल्या होत्या. वय पाहून कुणी थांबलं नाही. मुली घरी बोलल्या म्हणून ते उघडकीस आलं, तक्रार नोंदवायला मात्र पालकांना ताटकळावं लागलं. यातूनच दुसरा, जास्त वजनाचा आक्षेप निघतो : स्वतःला वाचवण्याचं ओझं मुलांच्याच दप्तरात का? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि कायद्यालाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की, असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू' म्हणायची सवड मुख्याध्यापकांनाही नाही आणि तुम्हालाही नाही. तेव्हा पालकसभेत आधी हे कलम वाचून दाखवा, 1098 हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर फळ्यावर लिहा. शरीराच्या नावांचा तक्ता त्यानंतर काढा. विरोध होईल, पण तो कशाला होतोय हे तरी सगळ्यांना दिसेल.

आपला स्नेहांकित