शाश्वत वैर

पाणिनीच्या घरीं कुत्रा होता कीं मांजर होतें, याची नोंद कोणी ठेवलेली नाहीं. पण ज्या प्राण्यांचें वैर कायमचें असतें त्यांच्या नांवांचा द्वंद्व समास एकवचनांत होतो, असा नियम त्यानें अष्टाध्यायींत घालून ठेवला आहे. टीकाकारांनीं त्याचीं उदाहरणें दिलीं आहेत तीं साप-मुंगसाचीं आणि मांजर-उंदराचीं. राम आणि लक्ष्मण एकमेकांचे केवळ प्राण. पण त्यांचा समास केला तरी ते आपले दोघे ते दोघेच राहतात, द्विवचनांत. जन्माचे वैरी मात्र समासांत शिरले कीं दोघांचें मिळून एक होतें! हा नियम शिकवितांना मीं तीस वर्षें वर्गाला हंसविलें. त्यांत हंसण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, हें मला निवृत्त झाल्यावर कळलें. कारण तेव्हांपासून सदाशिव पेठेंतील आमच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एक तरणाबांड कुत्रा आणि एक म्हातारें मांजर एकत्र नांदत आहेत.

मांजर आधीं आलें. २००९ सालच्या पावसाळ्यांत जिन्याखालीं ओरडत बसलेलें तें मुठीएवढें पिलूं माझ्या आईनें पदरांत गुंडाळून वर आणलें आणि त्याचें नांव मनी असल्याचें जाहीर केलें. मांजराला याहून निराळें नांव असूं शकतें, हें आईला मान्य नव्हतें. तिच्या माहेरीं जेवढीं मांजरें होऊन गेलीं तीं सारीं मनीच होतीं, त्यांतले बोकेसुद्धां! मनी दूधभातावर वाढली. ब्राह्मणाच्या घरांत राहून मांजरही शाकाहारी झालें, असें आई आल्यागेल्याला अभिमानानें सांगे. आणि तो अभिमान मोडूं नये एवढ्यासाठींच कीं काय, मनी आपल्या पाली आणि उंदीर वरच्या गच्चींत उरकून, तोंड स्वच्छ पुसून मग घरांत येत असे. श्रीखंडावर तिचा विशेष लोभ होता. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाहीं, ती ओळखण्यास लागणारें जनुक त्या साऱ्या कुळांत निकामी झालेलें आहे, असें शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. मीं तें आईला वाचून दाखविलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि "त्यांच्या मांजरांना नसेल कळत," असें म्हणून मनीपुढें आणखी एक बोट चक्का ठेवला. श्रीखंडांत साईचा आणि तुपाचा अंश असतो, मनीला तो हवा असतो, हें मीं सांगितलें नाहीं. आईशीं वाद घालण्याची एक मर्यादा असे.

खिडकीशीं आईची वेताची आरामखुर्ची होती. तिच्यांत आई आणि आईच्या मांडीवर मनी, असें तें चित्र बारा वर्षें आमच्या घरांत होतें. २०२१ च्या माघांत आई गेली. शेवटचे दोन दिवस ती फारसें बोलत नव्हती. एकदां मीं पाण्याचा चमचा तोंडाशीं नेला तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "मनीकडे बघ रे." मी तिचा एकुलता एक मुलगा. तिचे शेवटचे शब्द माझ्याविषयीं असावेत अशी माझी अपेक्षा होती, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. त्यानंतर ती खुर्ची मनीची झाली. घरांतल्या माणसांपैकीं तिच्यांत कोणी बसलें नाहीं. खुर्ची रिकामी दिसत नाहीं, एवढ्यावर आम्ही सारीं समाधान मानीत होतों.

पुढें दोन वर्षांनीं, आषाढांत, माझी मुलगी भिजलेलें एक काळें पिलूं ओढणींत धरून दारांत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एकच रात्र." एका रात्रीसाठीं म्हणून आमच्या घरांत आलेल्यांची यादी लांब आहे, माझी एक आत्या त्यांत सहा वर्षें होती. मीं त्या पिलाकडे पाहिलें, तेव्हांच आत्या आठवली. त्याचें नांव भुंग्या ठेवलें गेलें, कारण तें काळें होतें आणि एका जागीं बसत नव्हतें.

बसत नव्हतें, या शब्दांनीं खरी कल्पना यावयाची नाहीं. भुंग्या पहाटे पांचाला उठतो. उठला कीं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धांवतो, फरशीवर घसरतो, दारावर आदळतो, आणि कोणी तरी आपल्याला ढकललें असें समजून पुन्हां त्याच वेगानें उलट येतो. जिन्यांत पाऊल वाजलें कीं आनंद. तें पाऊल आपल्या दारावरून पुढें गेलें कीं शोक. दूधवाला, कचरा नेणारी बाई, वीजेचें बिल, यांपैकीं कोणतीहि गोष्ट रोज येते म्हणून सामान्य आहे असें त्याला वाटत नाहीं. चवथ्या महिन्यापासून त्याचे दुधाचे दांत पडूं लागले. या काळांत कुत्र्याच्या हिरड्या शिवशिवतात आणि त्याला चावावयास कांहीं तरी लागतें. हें पुस्तकांत दिलेलें असतें. पण ज्यांत तें दिलेलें असतें तें पुस्तकहि चालतें, हें दिलेलें नसतें. पांच चपला, छत्रीची एक मूठ आणि आपट्यांच्या संस्कृत कोशाचीं आरंभींचीं चाळीस पानें एवढें त्यानें दोन महिन्यांत संपविलें. 'अ'कारानें आरंभ होणारा कोणताहि शब्द मला आतां दुसरीकडे पाहावा लागतो.

तो आला त्या दिवशीं मनी चौदा वर्षांची होती. तिनें त्याच्याकडे पाहिलें, पाठीची कमान केली, फिस्कारली आणि कपाटावर चढली. भुंग्याला हें स्वागत वाटलें. खरी अडचण मला हळूहळू दिसूं लागली ती अशी कीं, या दोघांच्या भाषेंत अक्षरें तींच आहेत आणि अर्थ उलटे. कुत्रा बहुधा खुशींत शेंपूट हलवितो. मांजर शेंपूट आपटूं लागलें कीं त्याच्या सहनशीलतेचा अंत जवळ आला असें समजावें. कुत्रा पंजा उचलतो तो 'खेळतेस का' म्हणून. मांजर उचलतें तें मारण्यासाठीं. भुंग्यानें पुढचे पाय लांब करून, छाती जमिनीला टेकून, मागचा भाग वर उचलून जें आर्जव करावें, तें मनीला दबा धरून झडप घालण्याची तयारी वाटे; आणि तिच्या जातींत तें तसेंच असतें. एकाच्या आमंत्रणाला दुसरी आव्हान समजत होती. कुत्र्याच्या मेंदूच्या बाह्य पटलांत सुमारें ५३ कोटी चेतापेशी असतात आणि मांजराच्या सुमारें २५ कोटी, अशी एक मोजणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. माझी मुलगी ती भुंग्याच्या वतीनें वारंवार सांगते. एवढ्या पेशी तो कोठें वापरतो, हें मात्र ती सांगत नाहीं. नवी चप्पल कोणती आणि जुनी कोणती, हें ओळखण्यांत बऱ्याचशा खर्ची पडत असाव्यात.

जनावरांच्या डॉक्टरांनीं सांगितलेलें सारें आम्हीं केलें. एकाच्या अंथरुणाचें फडकें दुसऱ्याच्या खोलींत ठेवलें, म्हणजे वास ओळखीचा व्हावा. भुंग्याला दोरी बांधून ठेवली. मनीला उंचावर जागा करून दिली. याशिवाय एक गोष्ट मी माझ्या मनानें करीत होतों. भुंग्या तिच्या दिशेनें वळला कीं मी धांवत जाऊन तिला उचलीत असें. वाचन टाकून, जेवण टाकून, एकदां तर अर्धी दाढी टाकून मी धांवलों. तरी मनी कपाटावरून उतरेना. तिचें वजन चार किलोंवरून तीनावर आलें. ज्या मांजरानें चौदा वर्षांत कधीं घर घाण केलें नाहीं तिनें माझ्या अंथरुणांत मुतून ठेवलें. मी तिच्यावर रागावलों नाहीं. "मनीकडे बघ रे" हे शब्द माझ्या कानांत होते, आणि माझें बघणें पुरें पडत नाहीं एवढेंच मला दिसत होतें.

श्रावणांतल्या एका दुपारीं मी बाहेरून आलों तों आईच्या खुर्चींत भुंग्या झोंपला होता. तोंड खुर्चीच्या हातावर, एक कान उलटा पडलेला, अगदीं निष्पाप. मला काय झालें कोण जाणे. मीं हातांतली छत्री उगारली आणि हाणली. तो उडी मारून निसटला. छत्री खुर्चीच्या हातावर बसली आणि तिथला वेत तुटला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. 'आजीची खुर्ची मोडलीत,' असें ती म्हणाली असती तर बरें झालें असतें. ती कांहींच बोलली नाहीं. तिनें भुंग्याला पलंगाखालून बाहेर काढलें आणि आपल्या खोलीचें दार लावून घेतलें. त्या रात्रीं जेवतांना मीं सांगितलें कीं, भोरजवळ माझ्या मेहुण्याचें शेत आहे, तेथें कुत्र्याला मोकळें रानहि मिळेल. येत्या रविवारीं मी त्याला पोंचवून येईन. पत्नी म्हणाली, "अहो, जरा सबुरीनें घ्या." मुलगी म्हणाली, "बरं." हा 'बरं' मी अजून विसरलों नाहीं.

मधल्या गुरुवारीं आणि शुक्रवारीं साताऱ्यास एक लग्न होतें. आम्ही दोघें गेलों. मुलगी परीक्षेसाठीं घरीं राहिली. शुक्रवारीं रात्रीं परत येऊन दार उघडलें, तों मनी आईच्या खुर्चींत बसली होती, आणि तीन हातांवर भुंग्या जमिनीवर हनुवटी टेकून पडला होता. त्याच्या काळ्या नाकावर एक ताजा, सरळ ओरखडा होता. आम्हांला पाहून तो उठला. पण दाराकडे येतांना त्यानें खुर्चीला मोठा वळसा घातला.

"तुम्ही गेलात त्याच संध्याकाळीं ती खालीं उतरली," मुलगी सांगूं लागली. "हा नेहमीसारखा अंगावर गेला. तिनें एकच दिली. हा ओरडला. मग ती त्याच्याच भांड्यांतलें पाणी प्यायली आणि खुर्चींत जाऊन बसली."

"आणि तूं काय केलेंस?"

"कांहीं नाहीं. मला रडूं येत होतं, पण मी उठलें नाहीं." मग थोडें थांबून, माझ्याकडे न पाहतां ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असलात कीं तिला उचलतां. उचललेल्या मांजरानं मारायचं कसं?"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. मी प्रवासाच्या पिशव्या आंत नेऊन ठेवल्या. खरोखर, तिचे चारी पाय जमिनीवरून सुटत होते ते माझ्यामुळें. आणि भुंग्याच्या दृष्टीनें तर त्याच्या खेळांत रोज एक पोक्त गडी धांवत येऊन सामील होत होता! अंथरुणांत पडल्यावर मीं आणखी एक विचार केला. आई असती तर तिनें काय केलें असतें? ती खुर्चींतून उठलीसुद्धां नसती. "आपापलं बघतील तीं," असें म्हणून तिनें जपाची माळ पुढें ओढली असती. मग गेले दोन महिने मी धांवत होतों तो कोणासाठीं? मनीला वेळेवर उचललें म्हणजे माघांत हातून निसटलेलें कांहीं तरी हातांत राहतें, असें मला वाटत असावें. त्या बिचाऱ्या जनावराला याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें.

रविवारीं भोरला कोणी गेलें नाहीं. त्याविषयीं घरांत बोलणेंहि झालें नाहीं.

त्यांची मैत्री झाली असें मात्र कोणी समजूं नये. कुत्रीं-मांजरें गळ्यांत गळा घालून निजल्याचीं चित्रें लोक मला दाखवितात. मी तीं पाहतों आणि परत करतों. आमच्याकडे फक्त हद्दी ठरल्या आहेत. स्वयंपाकघराचा उंबरठा मनीचा, सज्जा भुंग्याचा. रोज सकाळीं मनी एकदां फिस्कारते, तें हजेरी घेतल्यासारखें. त्यांत राग नसतो. तिच्या ताटलींतलें उरलेलें भुंग्या खातो, पण ती चार पावलें दूर गेल्यावर. वैर संपलेलें नाहीं. त्याचा समास झाला आहे, आणि तो पाणिनीनें सांगितल्याप्रमाणें एकवचनी आहे. परवां भुंग्याला आंघोळीला नेलें होतें तेव्हां मनी तासभर दाराशीं बसून होती. तो येतांच तिनें त्याला हुंगलें, साबणाचा वास आवडला नाहीं म्हणून एक चापट दिली आणि निघून गेली.

आतां मनीला सोळावें वर्ष चालू आहे. गेल्या दिवाळींत ती फार पाणी पिऊं लागली म्हणून डॉक्टरांकडे नेली. मूत्रपिंडें थकलीं आहेत, या वयाच्या मांजरांत हें फार आढळतें, जपा, असें ते म्हणाले. तिच्या खाण्याचा डबा निराळा येतो. पाण्याचीं भांडीं चार ठिकाणीं ठेवलीं आहेत. तीं चारी भुंग्या रिकामीं करतो आणि मी भरतों. आईच्या तिथीला मीं चमचाभर श्रीखंड तिच्यापुढें धरलें. तिनें वास घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलें आणि मान फिरविली. तें कोणीं खाल्लें हें सांगावयास नको.

खुर्चींत उडी मारणें तिला आतां जमत नाहीं. मीं खुर्चीशीं एक पाट ठेवला. तो तिला पसंत पडला नाहीं. हल्लीं भुंग्या दुपारचा खुर्चीच्या पायांशीं आडवा पडलेला असतो. मनी सावकाश येते, त्याच्या पाठीवर एक पाय देते, दुसरा देते, आणि वर चढते. दिवसभरांत तेवढाच एक क्षण तो हलत नाहीं. तो तिच्यासाठींच तेथें निजतो, असें मुलगी म्हणते. माझ्या मतें तेथें पंख्याचा वारा लागतो.

खुर्चीच्या हाताचा वेत मीं अजून विणून घेतलेला नाहीं. विणणारा मिळत नाहीं, असें मी घरांत सांगत असतों. काल मुलीनें एकाचा पत्ता कागदावर लिहून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. तो भुंग्यानें खाल्ला.