सुई आणि तेल

आमच्या वाशीम भागातला पुरुष आपल्या दुखण्याविषयी सहसा बोलत नाही, आणि दुखणे कमरेखालचे असेल तर पत्नीजवळही नाही. रात्री चार-पाच वेळा उठणे, लघवीला वेळ लागणे, हे सारे तो वयाच्या नावावर टाकून मोकळा होतो. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त गुरुजींनीही तेच केले. त्यांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे.

त्यांच्या रक्तातील पीएसए चौदा निघाला. चार हा त्याचा रूढ उंबरठा. अकोल्याच्या डॉक्टरांनी एमआरआय करविला. प्रोस्टेट ग्रंथीच्या डाव्या अंगाला संशयास्पद ठिपका दिसला, म्हणून बायोप्सी सुचविली. गुरुजींनी तो कागद पेन्शनच्या कागदांत ठेवून दिला. शेजारच्या एका वडीलधाऱ्यांनी बजावले होते, "कॅन्सरले सुई लावली का तो भडकते." सोयाबीन निघाले, तूर निघाली, कागद तिथेच राहिला.

हा समज मी अनेक घरांत ऐकला आहे. रोग आधीच वाढलेला असताना तपासणी होते, रुग्ण पुढे दगावतो आणि दोष सुईच्या माथी बसतो. वस्तुतः प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईच्या वाटेने कर्करोग पसरणे अत्यंत विरळ. खरी जोखीम रक्तस्रावाची आणि जंतुसंसर्गाची. लघवीतून काही दिवस रक्त जाते, हे आधीच सांगितलेले बरे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगावी.

'बायोप्सी' हा शब्द १८७९ साली बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने रूढ केला. सेमिनरीत शिकलेले थोडेसे ग्रीक येथे उपयोगी पडले: 'बिओस' म्हणजे जीवन, 'ओप्सिस' म्हणजे दर्शन. गुरुजींना हा अर्थ सांगितला तेव्हा ते प्रथमच हसले. म्हणाले, "मग मरणाची सुई कशी म्हणता येईल, फादर?"

आम्ही अकोल्याहून रेल्वेने मुंबईस गेलो. वसईच्या एका कुटुंबाने आम्हांला आपुलकीने ठेवून घेतले. तेथील तरुण डॉक्टरांनी गुरुजींना विद्यार्थ्याच्या आदराने सारे समजावून दिले. पूर्वी बोटाला लागलेल्या गाठीच्या अंदाजाने सुई घालीत. पुढे सोनोग्राफी आली. १९८९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ग्रंथीच्या सहा ठरावीक जागांतून नमुने घेण्याची पद्धत मांडली. तरीही अक्रोडाएवढ्या ग्रंथीतला लहानसा डाग सुयांच्या मधोमध निसटू शके. आता एमआरआयचे चित्र सोनोग्राफीच्या पडद्यावर जुळवून सुई थेट डागाकडे नेता येते. ११ देशांतील ५०० पुरुषांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी एमआरआय करून नेम धरला तेव्हा उपचारयोग्य कर्करोग १०० पैकी ३८ जणांत सापडला. जुन्या पद्धतीने २६ जणांत. निरुपद्रवी गाठी उगाच सापडून माणूस घाबरण्याचे प्रमाणही घटले. मला हे दुसरे अधिक मोलाचे वाटते.

जागा बधिर करून, गुदद्वाराच्या पुढच्या त्वचेतून नमुने घेतले. प्रत्येक वेळी 'टक्' असा आवाज होई. "पाटीवर खडू आपटावा तसा," गुरुजी बाहेर येऊन म्हणाले. संध्याकाळी ते वसईत जेवायला आमच्याबरोबर बसले.

अहवालात ग्लीसन ३+४ असे होते. डॉनल्ड ग्लीसन या अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञाने १९६६ साली पेशींच्या ठेवणीवरून ही श्रेणी बसविली. पहिला आकडा सर्वाधिक आढळलेल्या ठेवणीचा, दुसरा तिच्या खालोखालच्या. आयुष्यभर गुण देणाऱ्या गुरुजींना सात गुण मिळाले, आणि येथे कमी गुण चांगले, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला. रोग ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. शस्त्रक्रिया ठरली.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी रुग्णाभ्यंग मागितला. आपल्या घरांत या पवित्र तेलाचेही सुईसारखेच झाले आहे. 'अंतिम अभ्यंग' हे जुने नाव मनातून जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. १९७२ साली पोप सहावे पौल यांनी नवा विधी दिला. तरी धर्मगुरू तेलाची कुपी घेऊन आला की लोक अंगणात जमतात.

तसेच झाले. सून पदर तोंडाला लावून रडू लागली. कपाळावर आणि तळहातांवर तेल लावून घेतल्यावर गुरुजी तिला म्हणाले, "बाई, रडतेस कशाला? फादरांना चहा ठेव. आणि त्या अंगणातल्या मंडळींना आत बोलाव, मला त्यांना माझ्या आजाराचे नाव सांगायचे आहे."