वीतभर ट्रक

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींची मोठी स्पर्धा झाली. ‘२१ गन सॅल्यूट’ हे तिचं नाव. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, बेंटली, लांबलचक अमेरिकी गाड्या, सगळ्या अशा लखलखीत की डोळ्यांचं पारणं फिटावं. या गाड्यांना जपायला धनी आहेत, पैसा आहे, कसबी हात आहेत. त्यांची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटते ती कामाच्या गाड्यांची. कोयलीच्या रिफायनरीबाहेर रांगेत उभे राहणारे टँकर, पहाटे बाजारात भाजी उतरवणारे ट्रक, स्टेशनाबाहेरच्या अ‍ॅम्बेसेडर. त्या झिजेपर्यंत राबल्या आणि भंगारात गेल्या. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा निदान वर्तमानपत्रांनी तिला निरोप तरी दिला. ट्रकच्या वाट्याला तेवढंही येत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी काचेच्या कपाटात धातूच्या छोट्या गाड्या आहेत, त्या मी जमवतो त्या यासाठी.

या छंदाचा जुना इतिहास पाहिला तर कामाच्या गाड्यांना त्यात मानाचं स्थान होतं. इंग्लंडमधल्या लेझ्नी कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काड्यापेटीत मावेल तेवढंच खेळणं आणायचं. वडिलांनी तिला काड्यापेटीत बसेल एवढा रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्सची मालिका निघाली. तिच्यात पहिला क्रमांक रोडरोलरचा, दुसरा डंपरचा, तिसरा सिमेंट मिक्सरचा. मला ही क्रमवारी फार आवडते. युद्धानंतरचा देश ज्या यंत्रांनी पुन्हा उभा राहत होता, ती यंत्रं आधी मुलांच्या हातात आली.

पुढे क्रमवारी पालटली, ती साच्याच्या हिशेबानं. डायकास्ट गाडी मुख्यतः जस्ताची असते. त्यात ४ टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम, शिवाय थोडं मॅग्नेशियम आणि तांबं घालतात. सुमारे ४०० अंशांवर वितळलेला हा रस पोलादी साच्यात जोरानं दाबला की काही सेकंदांत आख्खी बॉडी तयार. गाडी स्वस्त पडते, साचा मात्र अतिशय महाग. हजारो नग खपण्याची खात्री असेल तरच कोणी तो करायला घेतो. म्हणून फेरारी मागाल तितक्या मिळतात. आपली अ‍ॅम्बेसेडर हवी असेल, तर युरोपात निघालेल्या टॅक्सींच्या मालिकेतली कोलकात्याची पिवळी टॅक्सी शोधत बसावं लागतं. जगाच्या आठवणीत कोणत्या गाड्या राहणार हे असं बाजारानं ठरवावं, हे मला मुळीच मान्य नाही.

आपल्याकडे साचे आले ते बहुतेक उतरलेले. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं डिंकी टॉइजचे काही साचे साठच्या दशकात कोलकात्याला पाठवले. तिथं त्याच गाड्या ‘निकी टॉइज’ म्हणून निघाल्या. माझ्याकडे त्यातली एक जॅग्वार आहे. ती उलटी धरून तळाच्या पत्र्यावर उजेड पाडला की जुनं नाव खरवडून नवं बसवल्याच्या खुणा दिसतात. रंग जाड आहे, खिडकीच्या कडेला ओघळलाय. तरी एखाद्या इंग्रजी डिंकीशी मी तिची अदलाबदल करणार नाही. परदेशी खेळणी दुर्मीळ होती त्या काळात ही गाडी इथल्या पोरांच्या हाती पडली.

बडोद्याच्या माणसानं या बाबतीत जरा जास्तच हळवं असावं, असं मला वाटतं. ओखामंडळ हा बडोदे संस्थानचा मुलूख. ओखा बंदर संस्थानानं वाढवलं. हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये स्थापन झाली आणि तिचा पहिला छोटा जुळणी कारखाना याच ओख्याला उभा राहिला. मॉरिस टेनवरून घेतलेली ‘हिंदुस्थान १०’ तिथं जोडली जायची. १९४८ मध्ये कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेला, पुढे तिथंच अ‍ॅम्बेसेडर जन्मली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिथंच थांबली. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ देशाला वाहून नेणाऱ्या त्या गाडीचं मूळ गायकवाडी हद्दीत होतं. आमच्या शेजारच्या हालोललाही हीच कंपनी आधी होती. तिथं जनरल मोटर्स नंतर आली आणि २०१७ मध्ये गेली, आता एमजी आहे. इतकं सगळं असून ‘हिंदुस्थान १०’चा एकही धातूचा नमुना माझ्या पाहण्यात नाही.

कपाटातला माझा सर्वांत लाडका नमुना आहे पन्नासच्या दशकातला लांब नाकाचा जर्मन मर्सिडीज ट्रक, १:४३ मापाचा, वीतभर लांब. टाटांच्या टेल्कोनं १९५४ मध्ये जमशेदपूरला काढलेले पहिले ट्रक याच घराण्यातले. जर्मन कंपनीशी असलेला करार १९६९ मध्ये संपेपर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे, मग टाटांचा ‘टी’ आला. तेव्हा जर्मन नमुना आणावा आणि त्याला देशी रूप द्यावं, असं मनात येतं. बॉनेटपर्यंत ते जमतंही. काचेच्या मागं मात्र जर्मनी संपते. कंपनीकडून यायची ती चासी. केबिन आणि हौदा गावोगावचे बॉडीवाले बांधायचे, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून. पंजाबात बांधलेला ट्रक आणि गुजरातेत बांधलेला ट्रक लांबून ओळखू यायचा. जो ट्रक मुळात साच्यातून निघालाच नाही, तो कोणत्या साच्यात ओतणार?

म्हणून मी तो नमुना खिशात घालून हायवेवरच्या एका म्हाताऱ्या सुतार मिस्त्रींकडे गेलो. आयुष्यभर त्यांनी ट्रकच्या बॉड्या बांधल्या. त्यांनी ट्रक तळहातावर घेतला, चष्मा वर सारला, मागच्या बाजूनं नजर चाके-चासीवरून पुढं नेली आणि म्हणाले, “काका, ह्याला हौदा बांधायचा तर आधी माल कोणता भरणार ते सांगा.” त्यांच्या लेखी ट्रक नावाची एकच गोष्ट नव्हती. कापसाच्या गासड्यांना हौदा उंच, विटा-रेतीला बुटका आणि जाड फळ्यांचा, केळीला हवा खेळती राहील असा फटींचा. फाळक्याची साखळी किती लांब ठेवायची, म्हणजे फाळका खाली सोडला की हमालाला पाय देता येईल, हेही त्यांनी हाताने दाखवलं. केबिनच्या कपाळावर नाव रंगवणारा पेंटर वेगळा असायचा. त्याच्या कामात आपण कधी बोलत नव्हतो, असंही सांगितलं.

तेव्हापासून मी त्यांच्याकडून मापं उतरवून घेतो. ते फूट-इंचांत सांगतात, मी घरी ४३ नं भागतो. १४ फुटी हौदा ९९ मिलिमीटर होतो, दोन फुटी फाळका १४ मिलिमीटर. फळ्यांसाठी पातळ लाकूड तासावं लागतं. रंगाचा हात फार हलका ठेवावा लागतो, कारण इथं दशांश मिलिमीटरचा थर खऱ्या ट्रकवर ४ मिलिमीटर जाडीचा ठरेल. भाजीच्या ट्रकचा हौदा होत आला आहे. त्यानंतर कोयलीचा टँकर घ्यायचा आहे, पण टाकीचं काम मिस्त्रींचं नव्हे, ते लोहारकामवाल्यांचं. मिस्त्रींनी दोन जुन्या कारागिरांची नावं दिली आहेत. एक डभोई रस्त्याला राहतात, दुसरे आता मुलाकडे आणंदला असतात. ही मापं कोणत्याही कंपनीच्या कागदावर नाहीत, म्हणून आधी आणंदला जायचं ठरवलं आहे. ते वयानं मोठे आहेत.