कानातले बोळे

‘कानात बोळे घातलेत काय?’ हा आपल्याकडे रागाचा प्रश्न. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर असताना मी मात्र तो रोज सकाळी काळजीने विचारी, आणि ‘होय’ म्हटले की बरे वाटे.

फेटलिंग खात्यात कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढतात. ग्राइंडर लागला की शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाज 3 डेसिबलने चढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते. कान दुखत नाही, रक्त येत नाही. 4000 हर्ट्झच्या आसपासचे बारीक स्वर आधी जातात, मग घरची मंडळी ‘हल्ली लक्षच देत नाहीत’ म्हणू लागतात.

आमच्यातले वयाने मोठे एक मामा बोळे खिशातच ठेवीत. म्हणत, ‘साहेब, हे घातल्यावर मागनं क्रेन आलेली कळंना बघा.’ वरच्यांना तो हट्ट वाटे. मला तसे वाटले नाही. चांगल्या कानाच्या पोराचे अशा गोंगाटात बोळ्याने फारसे बिघडत नाही. बोलणे आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली येतात, कधीकधी बोलणे उलट स्पष्ट होते. पण ज्याचे बारीक स्वर अगोदरच गेले, त्याची उरलीसुरली व्यंजनेही बोळा गिळतो. ‘थांब’ काय नि ‘लांब’ काय, कानावर नुसते ‘आंब’! त्यात आपला मुलूख दुभाषी. कानडीत ‘निल्ली’ म्हणजे थांबा, ‘इल्ली’ म्हणजे इथे. लोंबकळत्या कास्टिंगजवळ उभ्या माणसाला त्या एका ‘न’ची किंमत विचारा. धुळीच्या मास्कमुळे ओठही दिसत नाहीत.

आणखी एक गंमत. बोळे घातलेला माणूस नकळत हळू बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याच्या डोक्यात घुमतो. म्हणजे ऐकणारा अर्धा बहिरा आणि बोलणारा अर्धा मुका.

बोळ्यांतून मामांची सुटका नव्हती. उरलेले कान वाचवायचे होते. पण सगळ्यात जास्त आवाज अडवणारा बोळाच त्यांना कशाला? गरजेपुरता अडवणारा दिला. क्रेनला घंटेच्या जोडीला फिरता पिवळा दिवा बसवून घेतला. तोंडी ‘निल्ली’ आणि ‘थांब’ दोन्ही बंद. हाताच्या खुणा ठरल्या. मागून हाक मारायची नाही, समोर यायचे. दिव्याला पैसे मिळवताना मात्र माझाच घसा बसला.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी बोळे घातले. जेवणाच्या सुट्टीतही ते काढायचे विसरत, आणि आम्ही त्यांना ‘चटणी हवी काय?’ हे खुणेनेच विचारत असू.